काळ्या पडद्याचे दोन सेकंद

“काका, तुमच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं ना, ते आठ दिवस वाया गेले बघा,” संशोधक बाई संगणकावरच्या आलेखावर बोट ठेवून म्हणाल्या. “बदलीच्या माणसानं काहीतरी घोळ घातलाय. ते दिवस काढूनच टाकते.”

प्रयोगशाळेतली माकडं सांभाळण्यात काकांची एकोणीस वर्षं गेली होती. शाळा आठवीतच सुटलेली, पण बाईंनी हौसेनं समजावलेला प्रयोग त्यांना तोंडपाठ होता. पडद्यावर ठिपका चमकतो, विझतो, मग दोन सेकंद नुसता काळा पडदा. ठिपका कुठे होता ते ध्यानात ठेवून नकटी नावाच्या माकडिणीनं तिकडे बघायचं, की तिला फळाचा रस मिळतो. एरवी तिच्या मेंदूतल्या पेशी मेंढरांसारख्या सगळ्या मिळून हेलकावतात. आठवण धरून ठेवताना मात्र जी ती आपापल्या कामाला लागते आणि तो सामायिक हेलकावा कमी होतो. बाईंचा दोन वर्षांचा प्रबंध यावरच उभा होता. त्या आठ दिवसांत हेलकावा कमी झालाच नव्हता, नकटीही चुकत राहिली होती.

का, ते एकट्या काकांना ठाऊक होतं. गप्प बसलो तर कुणाच्या बापाला कळणार नाही, हेही मनात येऊन गेलं आणि त्याचीच त्यांना लाज वाटली.

“बदलीवाल्याला बोल लावू नका, बाई. पडदा काळा झाला की मी तिच्या खुर्चीशेजारच्या फळीआडून जिभेनं टकटक करतो. हळूच.”

“खोलीत आवाज करायचा नाही, हे दारावर लिहिलंय, काका!”

“अंधाराला घाबरायची हो ती. पोर कावरंबावरं झालं, म्हणून एकदा केलं. मग सवयच लागली, तिलाही नि मलाही.”

“कधीपासून?”

“पहिल्या दिवसापासून.”

बाई ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी हळूच विचारलं, “मग हेलकावा आठवणीनं कमी होत होता की तुमच्या टकटकीनं, हे आता कसं ओळखायचं?” लेकीच्या वयाची मुलगी, तिच्या कष्टांचं आपण मातेरं केलं, या विचारानं काकांना भडभडून आलं.

दुसऱ्या दिवशी नकटीला खुर्चीत बसवायला बदलीचाच माणूस गेला. काका बाहेरून काचेतून बघत होते. ठिपका चमकला, विझला. नकटीची नजर ठिपक्याच्या जागी गेलीच नाही. ती फळीकडे वळली. रस आला नाही. पुन्हा ठिपका, पुन्हा फळी.

तासाभरानं बाई वही घेऊन बाहेर आल्या. “चाळीसपैकी एकतीस चुका.”

“त्या चुका तिच्या नावावर नका मांडू, बाई,” काका म्हणाले.

बाईंनी पेन उघडलं आणि तसंच हातात धरून ठेवलं. काचेपलीकडे नकटी अजून फळीकडेच बघत होती.