रिम्माच्या वाट्याची बारान्का

रशियातल्या सिझ्रानच्या टेनिस क्लबात चहाच्या खोलीत, खिळ्याला बारान्कांची माळ टांगलेली असते. बारान्का म्हणजे बांगडीसारखा गोल, कडक पाव. चहात बुडवल्याशिवाय त्याला दात लागत नाही. जो सेट सहा-शून्य हरेल त्याने सगळ्यांसमोर एक बारान्का खायची, आणि तीही कोरडी, हा क्लबचे जुने प्रशिक्षक गेन्रिख पाव्लोविच यांचा नियम. ते आता ऐंशीला टेकलेत, नियम तसाच आहे.

रिम्मा झाव्यालोवावर ती वेळ कधी आली नव्हती. ताइसिया रोगोझिनावर, म्हणजे तायावर, आली होती, एकदाच, बाराव्या वर्षी, आणि आणली होती रिम्मानेच. पुढे ताया एकेक मोठी स्पर्धा जिंकत गेली, तशी ही गोष्ट शहरभर झाली. बाजारातली मासेवालीसुद्धा तराजू धरून शेजारणीला सांगायची, "ही ती. आपल्या तायाला हिनं शून्यावर घालवलं होतं." रिम्मा कशाला ते, कशाला ते, म्हणायची आणि मासे घ्यायला पुन्हा तिच्याकडेच जायची.

त्या बाराव्या वर्षीच मॉस्कोहून निवड करणारे आले होते. त्यांनी मुलींचा खेळ पाहिला, मनगटं मोजली आणि मग मुलींच्या आयांना भिंतीशी उभं करून त्यांचीही उंची मोजली. मुलगी किती वाढेल याचा तो अंदाज. तायाची आई खांबासारखी होती. रिम्माची आई टाचा उचलूनही तिच्या खांद्याला लागेना. ताया मॉस्कोला गेली, तिथून स्पेनला. हरून मागे राहणं रिम्माला पचलं असतं. ती जिंकून मागे राहिली.

ती क्लबातच शिकवू लागली. तायाचा प्रत्येक सामना ती टीव्हीवर पाहायची, आणि जिंकलेल्या सामन्यातही चुका शोधायची. तायाच्या खांद्याची शस्त्रक्रिया झाल्याचं कळलं तेव्हा तिला वाईट वाटलं. पण त्याच्या आधी, अगदी निमिषभर, बरं वाटलं होतं. त्या निमिषाबद्दल तिने स्वतःशी कधी खोटं बोलायचा प्रयत्न केला नाही.

या ऑगस्टमध्ये ताया खेळातून निवृत्त होऊन गावी आली. निरोपाचा एक सेट तिला रिम्माशीच खेळायचा होता. नाही म्हटलं असतं तर मासेवाली काय म्हणाली असती, हे रिम्माला ठाऊक होतं. तिने मनाशी विचार केला. जिंकणं अशक्य. पण एक गेम, फक्त एक, घ्यायलाच हवा. बाकांवर तिचेच विद्यार्थी बसणार होते, आणि त्यांतल्या बहुतेकांना तिने ती माळ दाखवली होती.

पाच गेम तायाने पटापट घेतले. सहाव्यात मात्र तायाची सर्व्हिस असूनही रिम्माचे दोन फटके असे बसले की पोरं बाकांवर उभी राहिली. आता आणखी एक पॉइंट, की गेम रिम्माचा. तायाची पहिली सर्व्हिस जाळीत गेली. दुसरीसाठी तिने चेंडू वर टाकला, आणि रिम्माच्या लक्षात आलं की तिचे ओठ सैल आहेत. लहानपणापासून जोर लावताना ताया खालचा ओठ दातांत धरते. चेंडू रेषेबाहेर दोन बोटं पडला. लाल मातीत त्याची स्वच्छ लांबट खूण उमटली. दोन्ही सर्व्हिस चुकल्या, म्हणजे गेम रिम्माचा.

ताया खुर्चीकडे वळलीही होती. चेहऱ्यावर तेच मऊ हसू, जे सकाळी क्लबात पाहुणी म्हणून फीत कापताना होतं.

इतकी वर्षं रिम्माने हेवा गिळला होता. हे हसू तिला गिळता येईना. मातीच्या कोर्टवर, चेंडू आत पडला हे मान्य असेल तर समोरचा खेळाडू ती खूण पायाने पुसतो. रिम्मा पुढे झाली आणि तिने बुटाने खूण पुसून टाकली.

"रेषेवर होता," ती म्हणाली. "पॉइंट तुझा."

पंचांच्या उंच खुर्चीत गेन्रिख पाव्लोविच थोडे पुढे वाकले. मग त्यांनी बरोबरी पुकारली, "ड्यूस."

ताया जाळीपाशी आली. "रिम्का, डोकं फिरलंय का तुझं? घे ना गेम."

"भीक चर्चच्या पायरीवर वाट. इथं खेळ."

तायाचे कान लाल झाले. ती मागे गेली. खालचा ओठ दातांत गेला. पुढच्या दोन सर्व्हिस रिम्माला दिसल्या नाहीत, नुसत्या ऐकू आल्या. सहा-शून्य. आणि ताया मूठ आवळून ओरडली, जशी ती टीव्हीवर करंडकाच्या सामन्यात ओरडायची अगदी तशी. मग भानावर येऊन तिने मूठ पाठीमागे लपवली. पण रिम्माने ती पाहिली होती.

चहाच्या खोलीत गेन्रिख पाव्लोविचांनी माळेतून एक बारान्का सोडवून बशीत ठेवली आणि बशी रिम्मापुढे सरकवली. दारात पोरं दाटली होती. एकही हसलं नाही. रिम्माने पहिला घास तोडला तेव्हा दात दुखावला.

"चेंडू बाहेर होता," ताया हळूच म्हणाली.

"माहितेय."

"एवढी कसली ती खुमखुमी? मी काय परकी आहे?"

रिम्मा चावत राहिली. तायाची नजर बशीवर होती. तिने हात पुढे केला. "अर्धी दे. पूर्वी मी एकटीनं खाल्ली होती, तेव्हा रडू आलं होतं."

रिम्माने बशी आपल्याकडे ओढली.

"बाकी सगळं तुझ्याकडे आहे," ती म्हणाली. "ही माझी."