वेशीवरचा मान

जावई पळतो, ही गोष्ट तातेरावांना लग्न होऊन गेल्यावर कळली. आधी कळली असती तर पुसेगावच्या ऐंशी एकरांच्या धन्याने आपली एकुलती एक द्वारका साखऱ्याच्या लखमाला दिलीच नसती. पोरगा निर्व्यसनी, घर सरळ, जमीन थोडी पण काळी, एवढं बघून त्यांनी सुपारी फोडली होती. आणि पहिल्याच दसऱ्याला हिंगोलीच्या मैदानात त्यांनी काय पाहावं? आपला जावई धोतर गुडघ्याच्या वर खोचून, उघड्या अंगाने हजार माणसांपुढे पळतोय आणि लोक शिट्ट्या मारताहेत. लखमा पहिला आला, त्याला पितळेची घागर मिळाली. तातेराव मात्र ओळख न दाखवता मागच्या वाटेने आपल्या गाडीत जाऊन बसले.

"चोर पळतो, न्हाईतर ढोर पळतं," ते घरी येऊन बायकोला, सखुबाईला म्हणाले. "माझ्या जावयानं पळावं? त्यानं हे सोडल्याबिगर माझी गाडी साखऱ्याला जायची न्हाई."

सखुबाई मटकन खालीच बसली. कारण सासरी दिलेली लेक काही आपल्या मनाने माहेरी येत नसते. बापाने गाडी जुंपून मूळ धाडायचं, घरचं माणूस न्यायला जायचं, मग तिने यायचं. मूळ आलं नाही तर माहेर चार कोसांवर असो की चाळीस, लेकीला सारखंच. अशा सहा दिवाळ्या गेल्या. द्वारकाला पहिलं लेकरू झालं, तेही सासरीच. सखुबाई बाजारच्या माणसाबरोबर चोरून कधी डिंकाचे लाडू धाडी, कधी लेकराला टोपडं. तातेरावांना ते माहीत होतं, पण माहीत नसल्यासारखं ते करत. सुंभ जळला तरी पीळ जात नाही, तशातली गत.

लखमाने पळणं सोडलं नाही. का सोडावं? त्याला दुसरं काही येतच नव्हतं म्हणा ना. पहाटे उठून सेनगावपर्यंत पळत जायचा आणि धारा काढायच्या वेळेला घरी हजर. औंढ्याची जत्रा असो, कळमनुरीचा उरूस असो, जिथं लांबची शर्यत तिथं लखमा, आणि जिथं लखमा तिथं दुसऱ्याने पहिल्या नंबराची आशा धरायची नाही. एवढा दम आणतोस कुठून, असं कुणी विचारलं की तो हसायचा. "पयला कोस पायावर, दुसरा दमावर, बाकीचे बायकोच्या धाकावर!"

मग एकदा तातेराव सेनगावच्या कचेरीत सारा भरायला गेले. कारकुनाने नाव ऐकून मान वर केली. "लखमा पळ्याचे सासरे तुम्हीच का? बसा, बसा." त्यांना खुर्ची मिळाली. ऐंशी एकरांनी जी खुर्ची कधी मिळवून दिली नव्हती ती उघड्या अंगाच्या जावयाने मिळवून दिली. त्या दिवसापासून म्हातारा बदलला. चावडीवर तोच विषय काढू लागला, आमचा जावई असा आणि आमचा जावई तसा. पण साखऱ्याला गाडी धाडायची म्हटलं की घास अडकायचा. थुंकलेलं चाटायचं कसं? सगळ्या गावासमोर काहीतरी मोठं करावं, म्हणजे आपण वाकलो असं न दिसता आपण मान दिला असं दिसेल, असा मोका ते शोधत राहिले.

अडतीस सालच्या दसऱ्याला तो मोका चालत दाराशी आला. तहसीलदाराने दवंडी पिटवली की यंदाची शर्यत हिंगोलीहून निघेल, पुसेगावच्या वेशीला वळसा घालून परत हिंगोलीला संपेल. जो अव्वल येईल त्याला सरकार हैद्राबादला नेईल, साऱ्या रियासतीच्या गड्यांबरोबर पळवील आणि टपालात कायमची नोकरी देईल. लखमाने त्या दसऱ्यासाठी चार महिने जेवणातलं मीठ तोडलं होतं. कुणी सांगितलं होतं देव जाणे, पण तोडलं होतं.

तातेरावांनी वेशीवर रांगोळी काढवून पाट मांडला. घंगाळात ऊन पाणी, ताटात शेला, फेटा, नारळ. लग्नानंतर जावई पहिल्यांदा वेशीवर आला की त्याचे पाय सासऱ्याने धुवायचे असतात, आणि हे सहा वर्षांचं राहून गेलेलं होतं. वाजंत्री आली, गाव दुतर्फा उभं राहिलं. पाच सवाष्णींना घेऊन सखुबाई आरती लावून थांबली.

लखमा एकटाच आला. मागे रस्त्यावर दुसरा माणूस दिसत नव्हता. वळणावर शिपायाने त्याच्या मनगटावर शाईचा शिक्का मारला आणि तो माघारी फिरला, तोच तातेराव हात जोडून आडवे आले. "जावईबापू, पाटावर या."

लखमा थांबला, पण त्याचे पाय जागच्या जागी हालतच होते. "मामा, सांजच्याला येतो. शप्पत येतो. आत्ता जाऊ द्या."

वाजंत्री थांबली. सगळं गाव बघत होतं. तातेरावांचा चेहरा उतरला, आणि मग त्यांच्या तोंडून ते शब्द गेले, जे त्यांनी पुढे हजार वेळा परत गिळायचा प्रयत्न केला. "एका घडीचं काम हाय. सासऱ्याचा मान लाथाडून जाता व्हय?"

लखमाने एकदा हिंगोलीच्या रस्त्याकडे पाहिलं, एकदा सखुबाईकडे. मग तो पाटावर बसला.

तातेरावांनी स्वतःच्या हातांनी त्याचे पाय धुतले. घाई केली नाही. बोटांच्या बेचक्यांतली धूळ काढली, टाच चोळली, दोन तांबे पाणी जास्तच ओतलं. मग उभं राहून साऱ्या गावाला ऐकू जाईल असं म्हणाले, "उद्या माझी गाडी साखऱ्याला जाईल, लेकीला आणायला!" लोकांनी टाळ्या वाजवल्या. सखुबाई तिथंच रडू लागली.

एवढ्यात तांड्यावरचा फुलसिंग पळत आला. लखमाच्या तोडीचा पळणारा मुलखात कुणी असेल तर तो हाच. शिक्का घेऊन तो फिरला, पाहतो तर लखमा पाटावर आणि पाय घंगाळात! तो ओरडला, "लखमा, ऊठ! अरे पाय भिजवून राहिला का तू? ऊठ!" तातेरावांना त्याचं हसू आलं. तांड्यावरच्याला जावयाच्या मानातलं काय कळतंय, असं त्यांना वाटलं. फुलसिंग क्षणभर तसाच उभा राहिला, मग नाइलाजाने निघाला. अजून दोन सवाष्णींचं ओवाळणं राहिलं होतं. त्या ओवाळत होत्या तेवढ्यात आणखी दोघे पुढे गेले.

लखमा उठला तेव्हा त्याच्या पोटऱ्या गार पडून आखडल्या होत्या आणि तळवे लोण्यासारखे मऊ झाले होते. पुढे पाच कोस नुसता मुरूम. तरी एकाला मागे टाकून हिंगोलीच्या मैदानात तो तिसरा आला, आणि त्याच्या मागे रस्त्यावर रक्ताचे ठसे उमटलेले लोकांनी पाहिले. फुलसिंग हैद्राबादला गेला. चांगला माणूस तो, त्या जिंकण्याची फुशारकी त्याने कधी मारली नाही.

काय झालं म्हणून विचारणाऱ्यांना लखमाने एकच सांगितलं. "काटा मोडला." तातेरावांनी ते ऐकलं आणि त्यांच्या छातीवरचा धोंडा उतरला. मग तेही काटाच सांगू लागले. वर्षभरात त्या काट्याला रंगरूप आलं. बाभळीचा होता, बोटाएवढा होता, गावच्या म्हाताऱ्याने दाभणाने काढला होता. घरी आल्यावर सखुबाई एवढंच म्हणे, "तुमचा मान म्हंजे वरातीमागून घोडं," आणि चुलीकडे तोंड फिरवी.

दुसऱ्या वर्षी लढाई लागली. तहसीलदाराची बदली झाली, शर्यत बंद पडली. हैद्राबादचं नाव पुन्हा कुणी काढलं नाही. लखमा जत्रांमधून पळत राहिला, फेटे आणि नारळ जिंकत राहिला, पण त्याच्या तळव्यांत गाठी राहिल्या त्या राहिल्याच. पुढे रझाकारांचे दिवस आले. पळणारा माणूस दिसला की बंदूक उठायची. त्या वर्षी सगळा मुलूखच हळूहळू चालायला शिकला, आणि लखमाचं पळणं कुणाला न कळता थांबलं.

द्वारका मात्र दर दिवाळीला माहेरी येत होती. तिच्या हसण्याने घर भरायचं आणि तातेराव ओट्यावर बसून ते ऐकायचे. यंदा बोलू, पाय धरून माफी मागू, असं दरसाल ठरवायचे. दरसाल राहून जायचं.

अठ्ठेचाळीसची दिवाळी निर्धास्तपणे आली. निजामाचं राज्य जाऊन दीडेक महिना झाला होता. भाऊबीज झाल्यावर लखमा द्वारकाला न्यायला आला. कानशिलावर केस पांढरे झालेले, चाल किंचित तिरपी. दुपारी ओट्यावर दोघेच होते. तातेरावांनी त्या तिरप्या चालीकडे पाहिलं आणि दहा वर्षं घशात अडकलेलं एका दमात बाहेर आलं.

"जावईबापू, काटा नव्हता. मी व्हतो. मी पाणी ओतलं तुमच्या पायांवर. मला कळायला पायजे व्हतं, पाणी घालू नये ते. मला माफ करा."

लखमाने हातातली सुपारी कातरली. "पाण्याचं मला तवाच ठावं व्हतं, मामा. फुलसिंगानं सांगायच्या आधी ठावं व्हतं."

"मग उठला काहून न्हाई?"

"उठलो असतो तर तुमी आणखी सा वर्सं गाडी धाडली नसती." त्याच्या आवाजात राग नव्हता, हेच तातेरावांना जास्त लागलं. "द्वारका रोज सांजच्याला पुसेगावच्या वाटंकडं तोंड करून बसायची. हैद्राबाद काय, न्हाई तर न्हाई. पण तुमी आदल्या दिवशी मूळ धाडलं असतं ना मामा, तर मी त्या पाटाकडं बघितलंबी नसतं."

दहा वर्षं तातेराव त्या दोन तांबे पाण्याचा हिशेब करत बसले होते. बैल गोठ्यात होते, गाडी अंगणात होती, साखरा चार कोसांवर होतं. सहा वर्षांतल्या कुठल्याही सकाळी गाडी जुंपता आली असती.