सुखवंताचे सव्वा मण

मित्रांनो, मी बीजा नावाच्या झाडाच्या लाकडाची जुनी ढेकी, चिचगडजवळच्या एका गोठ्यात पडून आहे. माझ्या शेपटीवर पाय दाबला की डोके वर जाते, पाय काढला की ते मुसळासकट उखळात आपटते. असे धान कांडायचे.

सत्तेचाळीस साली सुताराने मला घडवले. त्याच वर्षी सुखवंता लग्न होऊन या घरी आली. रोज सकाळी ती धान कांडी. थोडा कोंडा तांदळाला चिकटून राही, तसाच भात सगळे खात. तिच्या पोटऱ्या माझ्यासारख्याच टणक झाल्या. रोवण्यात, म्हणजे धानाच्या लावणीत, ती सर्वांच्या पुढे असे. बाया म्हणत, "हिले ढेकीनंच पोसलं वो!" मी फुगून जाई.

मग देवरीला राइस मिल आली. पांढराशुभ्र, मऊ भात ताटात आला आणि माझ्यावर कोंबड्या बसू लागल्या. पाच वर्षे गेली.

सत्तावन्नच्या रोवण्यात सुखवंताच्या मांड्या थरथरल्या. ती सर्वांत मागे राहिली. सासू म्हणाली, "पुढल्या साली तू घरीच राय. ढोरं राख."

नवऱ्याने, बिसनलालने, तिला मिलच्या काट्यावर बसवले. "सव्वा मण! लग्नात होती तेवढीच. तुले काई नाई झालं."

"मंग पोटाले हा चरबीचा गोळा कोठून आला जी? पोटऱ्याच वर चढल्या का?"

दुसऱ्या सकाळी तिने कोंबड्या हाकलल्या, लुगडे खोचले आणि माझ्यावर पाय ठेवला. वीस ठोक्यांत धापा टाकत बसली.

"मिल असून कायले मरून राहिली?" बिसनलाल ओरडला.

"मले धानाच्या बांधीत पुढं राहाचं आहे."

रोज चार ठोके वाढत गेले. कोंड्याचा भात, त्यावर डाळ. पुढच्या रोवण्यात सासूसुद्धा तिच्या मागे पडली. बिसनलालने पुन्हा वजन केले. सव्वा मण! "काटाच बिघडला," तो म्हणाला. पोटाचा गोळा कुठे गेला, हे त्याने पाहिलेच नाही.

रोवणा संपला आणि सुखवंताचे येणेही. बऱ्या झालेल्या माणसाला ढेकी कशाला? आता साठ साल आहे.

मित्रांनो, कमावलेली ताकद कोठीतल्या धानासारखी साठून राहत नाही. तुमच्यापैकी कोणी इकडे आलात, तर सुखवंताला एवढे सांगा. माझे नाव मात्र घेऊ नका. तिला वाटेल, मी स्वतःसाठीच बोलते आहे.

तसे थोडे आहेच.