दुसऱ्या दिवसाचा चमत्कार

सभागृहात पाय ठेवायला जागा नव्हती. खुर्च्या भरल्या, खिडक्या भरल्या, जिन्यावरची माणसं एकमेकांच्या खांद्यावरून माना लांबवत होती. स्टेजवर थेंबबाबा होते आणि त्यांच्या शेजारी तो वेल्डर. काल दुपारी त्याला तिघांनी उचलून आणलं होतं. आज तो स्वतःच्या पायांवर उभा होता! मागच्या भिंतीवर बरे झालेल्यांचे फोटो होते. त्यातला प्रत्येक जण बाबांच्या हातात हात देऊन हसत होता.

"काल विष कुठं होतं?" बाबांनी विचारलं.

"पोटात!" सभागृह ओरडलं.

"आणि आज?"

"बाटलीत!"

बाबांनी बाटली उंच धरली. "साप असो, विंचू असो, अळंबी असो, मी विषाला नाव-गाव विचारत नाही. तीन थेंब टाकतो आणि म्हणतो, निघ! बिचारं लाजून निघून जातं."

टाळ्यांनी छत हललं. वेल्डरची थोरली बहीण मात्र दारातून गर्दी कापत पुढे घुसत होती. विषाची तीव्रता मोजणाऱ्या प्रयोगशाळेत ती अकरा वर्षं उंदीर सांभाळत होती. तासाभरापूर्वी भावजयीचा फोन आला होता, "ताई, परवा रात्रीच्या जेवणात अळंबी होती, काल सकाळपासून उलट्या-जुलाब चालले होते. पण काळजी करू नका, बाबांच्या थेंबांनी आता त्यांना बरं वाटतंय, आम्ही सभागृहातच आहोत." काळजी करू नका म्हटल्यावर माणसाचा जीव भांड्यात पडतो. हिच्या पायाखालची जमीन सरकली. साधं काही बाधलं तर दोन-तीन तासांत उलटतं. इथे बारा तास मध्ये गेले होते, आणि एवढा उशीर कुठलं विष लावतं हे तिने प्रयोगशाळेत शंभरदा ऐकलं होतं.

ती स्टेजवर चढली आणि तिने भावाचं मनगट धरलं. "चल. आत्ताच्या आत्ता मोठ्या हॉस्पिटलात."

"कशाला ताई? मला भूक लागलीय. मरायला टेकलेल्या माणसाला भूक लागते का?"

"माझ्या उंदरांना लागते."

सभागृह खो-खो हसलं. बाबाही हसले. "बाई, माणसं आणि उंदीर यातला फरक कळत नाही का तुला?"

"कळतो. उंदरांना कुणी फसवत नाही."

हसू थांबलं. आता थांबून चालणार नव्हतं. "आमच्याकडे विष मोजतात. किती दिलं की दहातले पाच उंदीर मरतात, ते बघतात. उरलेले पाच जगतात. त्यांच्या पिंजऱ्यात कुणीही थेंब टाकत नाही, तरी जगतात. या अळंबीचं विष माणसाच्या वजनाच्या एका किलोमागे मिलिग्रॅमचा दहावा भाग पोटात गेलं तरी जीव घेऊ शकतं. सत्तर किलोच्या माणसाला सात मिलिग्रॅम झाले. एका मोठ्या अळंबीत तेवढं असू शकतं, आणि शिजवूनही ते जात नाही. याने कढईभर खाल्ली. हिने," तिने खाली उभ्या भावजयीकडे बोट दाखवलं, "चव आवडली नाही म्हणून एक तुकडा चाखून ठेवून दिला. ही ठणठणीत आहे. हिला थेंब दिले होते का बाबा?"

बाबांनी डोळे मिटले. "तिच्यावर माझी नजर होती."

"तिला तर तुम्ही आज पहिल्यांदा बघताय!"

"पण मी तर बरा झालोय," भाऊ चिडून म्हणाला. "का तमाशा करतेस?"

तिचं रडू फुटायच्या बेतात होतं. बरं वाटणाऱ्या माणसाला तो मरतोय हे कसं पटवायचं? "बरं वाटणं हीच त्या विषाची चाल आहे रे. दुसऱ्या दिवशी पोट शांत होतं, आणि आत यकृत कुजत असतं. बाबा, या भिंतीवर एवढे फोटो आहेत. चौथ्या दिवशीचा एक तरी दाखवा!"

"चौथा दिवस भक्ताचा," बाबा शांतपणे म्हणाले. "मी सात दिवस मीठ बंद सांगतो. कुणी पाळत नाही, त्याला मी काय करू?"

"मी नाही पाळलं," स्टेजच्या कडेने आवाज आला.

हातात झाडू घेतलेली एक म्हातारी उभी होती. दर आठवड्याला ती सभागृह झाडायला यायची. सगळे तिला मावशी म्हणायचे, का झाडते ते कुणी विचारलं नव्हतं. "फोटोतला तो निळ्या शर्टातला माझा मुलगा. घरी आल्यावर भूक लागली म्हणाला. मी चिमूटभर मीठ घातलं जेवणात. माझ्या हातून गेला तो."

बहीण तिच्याजवळ गेली. "मावशी, त्याने काय खाल्लं होतं?"

"पांढरी अळंबी."

"नंतर डोळे पिवळे झाले? मग झोपेत बरळायला लागला?"

मावशीने झाडू खाली ठेवला. "तुला कुणी सांगितलं?"

वेल्डर फोटोकडे बघत राहिला. निळ्या शर्टातला मुलगा त्याच्यासारखाच उभा होता, त्याच्यासारखाच हसत होता. कपाळावरचा घाम पुसून तो म्हणाला, "ताई, रिक्षा बोलाव."

हॉस्पिटलात रक्त तपासलं. यकृताचे आकडे सत्तरपट वाढले होते. डॉक्टरांनी सलाइन आणि औषधं चालू केली आणि स्पष्ट सांगितलं, "उद्यापर्यंत थांबला असतात तर माझ्या हातात काही उरलं नसतं. आत्ताही खात्री देत नाही." तीन दिवस त्याचे डोळे हळदीसारखे पिवळे होते, तो बहिणीलाही ओळखत नव्हता. भावजय त्याचा तळवा चोळत बसायची. बहीण दर सहा तासांनी आकडे विचारायची आणि ते वाढले की भिंतीकडे तोंड करून उभी राहायची. पाचव्या दिवशी आकडे उतरले. भाऊ वाचला.

त्या दुपारी मावशी वॉर्डाबाहेरच्या बाकावर येऊन बसली.

"म्हणजे मिठाने नाही गेला?"

"नाही मावशी. मिठाचा काही संबंध नव्हता."

मावशीने पदर तोंडाशी धरला. सहा वर्षं छातीवर ठेवलेला दगड उतरला, आणि लगेच दुसरा बसला. "मग त्या दिवशी मी त्याला बाबांकडे न नेता इथे आणलं असतं तर?"

खोटं बोलणं सोपं होतं. पण या बाईला सहा वर्षं सगळे खोटंच सांगत आले होते.

"कदाचित वाचला असता," बहीण म्हणाली.

मावशी ओरडून रडली. नर्स धावत आली, भावजय बाहेर आली. बहिणीने मावशीला घट्ट धरून ठेवलं, आणि तिलाही रडू आवरलं नाही. दुसऱ्या दिवशी हसणाऱ्यांना भिंतीवर जागा मिळते. गेलेल्यांचा दोष त्यांच्या आयांच्या माथी मारला जातो, म्हणून त्या गप्प बसतात, आणि असे बाबा त्या गप्प बसण्यावर जगतात. तेव्हा कुणी चमत्कार दाखवला तर टाळी वाजवण्याआधी एवढंच विचारा, की त्याच्याकडे जाऊनही मेलेली माणसं किती, आणि न जाताच बरी झालेली किती?

मावशीने डोळे पुसले आणि ती उठली. "आज सभागृहात गर्दी असेल. तू येतेस माझ्याबरोबर, की मी एकटीच सांगू त्यांना?"