बांधायचं नाही

"हल्लूमा, तू आपली दवाखान्यात सुया टोचत जा. खजूर निवडायला बसलीस की अर्धे तुझ्याच पोटात जातात," आई म्हणाली तशा झाडाखाली बसलेल्या सगळ्या बायका हसल्या.

"नर्सच्या अंगात ताकद नको?"

"ताकद माझ्या पोराला हवी. त्याच्यापुढे सरकव ती टोपली."

पोरगा म्हणजे लझर, हल्लूमाचा धाकटा भाऊ. पन्नाशी उलटलेला, दाढी पिकलेली. चटईच्या टोकाला बसून तो मऊ आणि कोरडे खजूर वेगळे करत होता. त्याचा उजवा पाय गुडघ्याखाली नव्हता. काम करताना तो लाकडी पाय काढून ठेवी, आणि आज वारा असल्याने तो चटई उडू नये म्हणून कोपऱ्यावर आडवा टाकला होता.

"मावशे, माझा एक पाय चटईची चाकरी करतोय," तो शेजारणीला म्हणाला. "दुसऱ्याकडून तरी काम करून घेऊ नका."

ऑक्टोबरचा रविवार होता, वाळवंटाकाठच्या त्या गावात खजूर उतरवायचे दिवस. घड उतरवायला वर चढलेली माणसं दोरीने एकेक घड खाली सोडत होती. शाळेला सुट्टी म्हणून पोरंही बागेत आली होती. त्यांत शेजारच्या घरची हदिया होती, चौथीतली. लाह्या फुटाव्यात तशी तिची बडबड चालू होती.

लझरच्या पायाची गोष्ट गावात सगळ्यांना पाठ होती, कारण त्याची आई बरनिया ती प्रत्येक लग्नात सांगे. लझर सात वर्षांचा असताना याच बागेत त्याला विंचू चावला. "विंचवाला माझ्या पोराचा जीव हवा होता," ती सांगे. "मी घोट्याच्या वर अशी करकचून दोरी आवळली की विष वर चढलंच नाही. शहरात पोचेपर्यंत सोडली नाही. पाय गेला, पण पोर घरी आणलं." ऐकणाऱ्या बायका माना डोलावत. त्यांच्या घरोघरी खुंटीला झाडाच्या काथ्याची एक दोरी अडकवलेली असे, आणि ती कशासाठी हे कोणी विचारत नसे.

हल्लूमा नर्सिंग शिकायला शहरात गेली, तेव्हा दुसऱ्या बाकावर बसून तिने ऐकलं की विंचवाच्या दंशावर दोरी आवळू नये. विष तर थांबत नाहीच, पण रक्त थांबतं, आणि रक्त थांबलं की खालचा भाग मरतो. त्या दिवशी तिला जेवण गेलं नाही. गावी परतल्यावर तिने दवाखान्यात नोकरी धरली, आईला पहिल्या पगारातून शाल घेतली, आणि दोरीबद्दल चकार शब्द काढला नाही.

मोठ्यांना सांगायची सोय नव्हती, म्हणून ती पोरांकडे वळली. दर वसंतात, उन्हाळा तापायच्या आत, ती शाळेत जाई. पोरं तिला मानाने लल्ला, म्हणजे बाई, म्हणत. बूट झटकून घालायचे. दगड, लाकूड, वाळलेल्या झावळ्या हाताने नाही, काठीने उचलायच्या. पाटाच्या काठच्या कण्हेरीची फुलं तोंडात धरायची नाहीत आणि तिच्या फांद्यांवर मांस भाजायचं नाही. विंचू चावला तर कापायचं नाही, चोखायचं नाही, बांधायचं नाही. अंगावरचे दागिने काढायचे, चावलेला भाग धुवायचा, हलू द्यायचा नाही आणि सरळ दवाखाना गाठायचा. हे सांगताना तिने लझरचं नाव कधी घेतलं नाही. गेल्या वसंतात हदियाने हात वर करून विचारलं होतं, "मग लझरकाकाचा पाय?" हल्लूमाने खडू उचलला आणि फळ्यावर कण्हेरीचं पान काढायला घेतलं. पोरगी खाली बसली, पण तिला उत्तर मिळालं होतं.

एरवी शिकवलेलं हदिया लगेच अमलात आणी. जूनमध्ये तिच्या मामाने पाटाकाठी शेकोटी करून कण्हेरीच्या काड्यांवर मांस लावलं, तर हिने ते सगळं वाळूत पालथं केलं. "मामा अजून माझ्याशी बोलत नाही," ती आताही बायकांना सांगत होती. "पण जिवंत आहे ना?"

हल्लूमा हसतच रिकामी पेटी घ्यायला उठली. पेट्यांवर कोणीतरी वाळलेल्या झावळ्या टाकल्या होत्या. काठी दोन पावलांवर होती. तिने हातानेच झावळी सारली.

मनगटाच्या वर निखारा टेकावा तसं झालं. हात झटकला तेव्हा पेटीच्या कडेवरून तो खाली पडला. पिवळा, जाड शेपटीचा. घड उतरवणाऱ्यांपैकी एकाने तो दगडाखाली चिरडला.

"विंचू! लल्ला हल्लूमाला चावला!"

बायका धावल्या. कोणी लसूण मागितला, कोणी रॉकेल. एकीने कमरेचा चाकू काढला. हल्लूमा खाली बसली. वेदना खांद्याकडे चढत होती, कपाळावर घाम फुटला होता, तरी डोकं ताळ्यावर होतं. काय करायला हवं हे तिला पक्कं माहीत होतं. तेवढ्यात आई आली, आणि तिच्या हातात काथ्याची दोरी होती.

"हात पुढे कर," आई म्हणाली. "एक पोर मी असंच वाचवलंय."

नको म्हणायचं तर का नको तेही सांगावं लागलं असतं, लझरच्या देखत, सगळ्या गावाच्या देखत. हल्लूमाने आईच्या तोंडाकडे पाहिलं. तिथे भीती नव्हती, उलट विश्वास होता. तिच्या मनात आलं, सैल बांधेल, गाडीत बसल्यावर सोडून टाकू. आई कधी सैल बांधत नाही हे तिला ठाऊक होतं. तरी तिने हात पुढे केला.

दोरीचा पहिला वेढा कोपराखाली बसला.

"आजी, नको!" हदिया बायकांच्या पायांमधून घुसली आणि तिने दोन्ही हातांनी दोरी धरली. "बांधायचं नाही! बांधलं की हात मरतो!"

"बाजूला हो गं. मोठ्यांच्या मधे तोंड घालतेस?"

"लल्लानंच शिकवलंय! लझरकाकाचा पाय विंचवानं नाही नेला, तुमच्या दोरीनं नेला!"

वर झाडावर चाललेला कोयत्याचा आवाजही थांबला. बरनियाच्या हातातलं दोरीचं टोक तसंच राहिलं. तिने लेकीकडे पाहिलं. हल्लूमाने मान खाली घातली, आणि तेच उत्तर झालं.

हदियाला आपण काय बोलून गेलो हे कळायची उसंत नव्हती. तिने वेढा उकलला, हल्लूमाच्या बांगड्या उतरवल्या आणि सुरईतलं पाणी जखमेवर ओतलं. "काका, तुमचा फेटा द्या," म्हणून लझरच्या डोक्यावरचा फेटाच ओढून घेतला. त्याची झोळी करून हात गळ्यात अडकवला. "हलवायचा नाही, लल्ला. चालायचंपण नाही. गाडी इथपर्यंत आणा रे कोणीतरी! बघत काय उभे राहिलात?"

दवाखान्यात मुंजी नावाचा तरुण नर्स पाळीवर होता. त्याने नाडी पाहिली, रक्तदाब पाहिला, शहरातल्या डॉक्टरशी फोनवर बोलला आणि सलाईन लावली. हल्लूमाला दोनदा उलटी झाली. मग औषध लागू पडलं, घाम उतरला.

"वेळेत आलात, बाई," तो म्हणाला. "आणि कोणी दोरी आवळली नाही, हे नशीब. मागच्या महिन्यात एका म्हाताऱ्याची बोटं काळी पडली होती. संध्याकाळपर्यंत इथेच पडून राहा. मला हुकूम सोडायचे नाहीत."

तो बाहेर गेला. खोलीत तिघंच उरली. आई स्टुलावर बसली होती. लझर लाकडी पाय चढवून भिंतीला टेकून उभा होता, बोडक्या डोक्याने.

"ती पोरगी खरं बोलली?" आईने विचारलं.

"हो, आई."

"तुला कधीपासून माहीत आहे?"

"शिकायला गेले तेव्हापासून."

आई लझरकडे वळली. "आणि तुला?"

"हिच्या आधीपासून," तो म्हणाला. "इस्पितळात दोन बायका बोलत होत्या. मी झोपलोय असं त्यांना वाटलं."

"आणि मी लग्नालग्नांत मिरवत राहिले," आई म्हणाली. "तुम्ही दोघं समोर बसून ऐकत राहिलात. लोकांनी घराघरांत दोऱ्या लावल्या त्या माझं ऐकून."

"तू अर्धं खरं सांगायचीस," लझर म्हणाला. तो लंगडत येऊन तिच्यासमोर जमिनीवर बसला. "मी वाचलो ते तुझ्यामुळेच. दोरीमुळे नाही. मला पाठीवर घेऊन तू मिठाच्या मैदानातून रस्त्यापर्यंत पळालीस. चपला तुटल्या तशी अनवाणी पळालीस. तुझ्या टाचा मिठानं फाटल्या होत्या. ट्रक थांबेना तर रस्त्यात आडवी झालीस. ते तू एकाही लग्नात सांगितलं नाहीस."

"ते काय सांगायचं? कुठलीही आई पळाली असती."

"मला दुसरी आई माहीत नाही," तो म्हणाला.

आईने त्याच्या उघड्या डोक्यावर हात ठेवला आणि तो तिथेच राहू दिला. हल्लूमाने भिंतीकडे तोंड फिरवलं. हात अजून ठणकत होता, पण सगळी बोटं हलत होती. ती एकेक बोट हलवून पाहत होती. आपल्याच शिकवणीने आपल्याला वाचवलं म्हणावं, तर ते काही खरं नव्हतं. ती स्वतः शिकवण गिळून बसली होती. एका पोरीला ती गिळता आली नाही, म्हणून हा हात राहिला.

"ती कुठे आहे?" तिने विचारलं. "हदिया?"

हदिया दाराबाहेर भिंतीला चिकटून उभी होती. घरी जायची हिंमत होत नव्हती आणि आत यायचीही.

"आत ये गं, फाटक्या तोंडाचे," बरनियाने हाक मारली.

"आजी, माझ्या तोंडून निघून गेलं. मला तसं…"

"निघालं ते बरं झालं. माझी लेक त्यामुळे इथे बोलतेय. देव तुला मोठं करो." म्हातारीने डोळे पुसले नाहीत. स्टूल पुढे ओढलं, झग्याची कड वर घेतली आणि उजवा पाय पुढे केला. टाच जुन्या भेगांनी भरलेली होती आणि घोट्यावर चांदीचं जाड कडं होतं. "समज, मला इथे चावलाय. आता तू काय करशील? मला नीट शिकव. लोकांना सांगायचं तर आधी मला आलं पाहिजे."

हदियाने हल्लूमाकडे पाहिलं. हल्लूमाने मान हलवली. पोरगी खाली मांडी घालून बसली आणि तिने तो पाय मांडीवर घेतला.

"आधी घाबरायचं नाही, आजी."

"नाही घाबरत."

"मग हे काढायचं. पाय सुजला की ते रुततं."

कडं निघायला वेळ लागला. त्याच्याखालची कातडी लहान मुलाच्या कातडीसारखी फिकट होती. हदियाने पाण्यात बोळा भिजवून घोटा पुसला.

"आता?" बरनियाने विचारलं.

"आता काही नाही. बांधायचं नाही, पळायचं नाही. दुसरे नेतील, आपण फक्त पाय हलू द्यायचा नाही."

"एवढंच?"

"एवढंच, आजी."

बाहेर गाडीवाला घरी सोडू का विचारत होता. लझरने त्याला हातानेच थांब म्हटलं. पाय पोरीच्या मांडीवर होता, आणि म्हातारी तो जराही हलू देत नव्हती.