कुंकू लावील त्याची धार

गाई विकल्या त्या दिवशी रतनबाई रडली, हे सोनईतल्या त्यांच्या सगळ्या आळीनं पाहिलं. पण दुसऱ्या दिवसापासून ती काय करते, हे कुणी नीट पाहिलं नाही.

तिचे गुडघे गेले म्हणून लेकानं, पार्थनं, दावण मोकळी केली होती. "आता आराम कर, आई," म्हणाला. आराम तिच्या ओळखीचा नव्हता. लग्न होऊन आली ती धार काढायलाच बसली. बाळंतपणं, पाहुणेरावळे, मयती, सगळं सकाळच्या आणि संध्याकाळच्या धारेच्या मधे बसवलं. नवरा सहादेव दिवसभर पारावर बसायचा, पण त्याला कुणी आराम म्हणत नसे.

पहिल्या सकाळी सवयीनंच पाय गोठ्याकडं वळले. गव्हाण रिकामी. रतनबाई पालथ्या घमेल्यावर टेकली आणि उठायचं विसरली. पत्र्याच्या फटीतून ऊन आलं. चिमण्या भुसा उकरत राहिल्या. कुणी हंबरलं नाही, कुणी हाक मारली नाही. घरात बसलं की पुढ्यात लसूण यायचा, देवळात बसलं की वाती. पारावर बायका बसत नाहीत. अख्ख्या गावात गोठा ही एकच जागा अशी निघाली, जिथं तिला आता काही काम नव्हतं. ती रोज जाऊ लागली. कधी माहेरचं एखादं गाणं गुणगुणायची, कधी तेही नाही.

सुनेनं, मोनिकानं, ते पाहिलं आणि डोळ्याला पदर लावला. "अहो, आत्या रोज रिकाम्या गोठ्यात बसत्यात. गाईंशी बोलत्यात," तिनं पार्थला सांगितलं.

शुक्रवारी घोडेगावच्या बाजारातून पार्थचा टेम्पो आला. आत काळीपांढरी, ताजी व्यालेली गाय, मागं वासरू.

"रतन, लेक असावा तर असा!" शेजारची गोजरबाई कुंपणावरून ओरडली. "आईचं दुखनं बरुबर हेरलं!"

रतनबाईची नजर गोठ्यातल्या पालथ्या घमेल्याकडं गेली.

मोनिका ताट घेऊन आली. हळदकुंकू, भाकरतुकडा, तांब्याभर पाणी. त्यांच्या घरची रीत होती: दारात आलेल्या गाईला जो पहिलं कुंकू लावील, त्यानंच तिची धार काढायची. गाय तोच हात ओळखते म्हणे. आजवर ते कुंकू कुणी लावायचं, हा प्रश्न कधी पडलाच नव्हता.

रतनबाईनं भाकरतुकडा ओवाळून टाकला. खुरांवर पाणी घातलं, शिणलेल्या जनावराचा काय गुन्हा! मग बोट कुंकवात बुडवलं आणि तिथंच थांबली.

"लाव की," सहादेव म्हणाला.

"तुमी लावा."

गोजरबाई फिस्सकन हसली. "अगं, हे काय लाजायचं वय हाय व्हय?"

"लाजत न्हाई. मी आता धार काढनार न्हाई."

"पण तू तर रोज गोठ्यात जाऊन…" पार्थनं गोठ्याकडं हात केला.

"बसत हुते. नुसती बसत हुते, बाबा. लई बरं वाटत हुतं."

"करत काय हुतीस तिथं?"

"कायबी न्हाई. तेच तर."

पार्थचा चेहरा असा उतरला, की रतनबाईला वाटलं, लावून टाकावं. पोरानं एवढ्या मायेनं आणलंय. बोट गाईच्या कपाळापर्यंत गेलंसुद्धा. मग तिनं ते पदराला पुसलं आणि ताट नवऱ्यापुढं धरलं.

सहादेवनं आळीकडं पाहिलं, गाईकडं पाहिलं. त्यानं लावलेलं कुंकू निम्मं तिच्या डोळ्यात गेलं.

संध्याकाळी रतनबाई ओट्यावर बसली. गोठ्यातून बादली लवंडल्याचा आवाज आला, पाठोपाठ सहादेवची शिवी.

"अगं, ही पान्हाच सोडंना!"

"वासरू सोडा आधी," ती म्हणाली, आणि उठली नाही.

थोड्या वेळानं धार वाजली. तुटक, नवशिकी, मधेच थांबणारी. मांडीवरच्या तिच्या मुठी त्या धारेबरोबर आपोआप मिटायला, उघडायला लागल्या. रतनबाईनं दोन्ही हात मांड्यांखाली दाबले आणि बसून राहिली.