बिजलीराजचा नवा पहिला अंक

साल एकोणीसशे त्र्याण्णव. श्रावण सरत आला होता. दुधाचा कॅन पायरीवर ठेवून हणमंतराव हातातलं पुस्तक विमलताईंपुढे नाचवत होते.

"ताई, पानं फाटलीत का बघा बरं ह्याची. शेवटच न्हाई ह्याला."

"फाटलेली नाहीत हो. शेवट तसाच आहे."

"असा कसा? सगळे लढून राह्यले, अन् एकदम पांढरं पान! पांढऱ्या पानाला शेवट म्हणावं का माणसानं?"

विमलताईंनाही तो शेवट समजला नव्हता.

लातूरला गंजगोलाईच्या मागच्या गल्लीत, घराच्या पुढच्या खोलीत त्यांचं वाचनालय होतं. बायकांसाठी कादंबऱ्या, दिवाळी अंक आणि एका मांडणीवर दिल्लीहून येणारे हिंदी कॉमिक्स. आमटी वाढण्याआधी चाखून बघावी तसं प्रत्येक पुस्तक बाहेर देण्याआधी वाचायचं, ही त्यांची सवय. त्या सवयीनंच त्यांना पन्नाशीत बिजलीराजचं वेड लावलं होतं. हा बिजलीराज मूळचा तारखात्यातला कारकून. अंगावर वीज पडली आणि तो विजेसारखा पळायला लागला. त्याची बहीण मेघा. लहानपणी भावाला जळत्या तारेपासून ओढताना तिचा हात भाजला होता, आणि तो डाग चित्रकारानं दहा वर्षं एकाही पानावर विसरला नव्हता. दोन वर्षांपूर्वीच्या एका अंकात धरण फुटताना मेघा मेली.

आता कंपनीनं जाहीर केलं होतं की बिजलीराजसकट सगळ्या वीरांच्या गोष्टी इथे संपल्या. दिवाळीनंतर सगळं जग नव्यानं, अंक पहिला. असं का, ते कुणी सांगेना. पुस्तकं पाठवणारा नांदेडचा माणूस फोनवर म्हणाला, "जुन्या गोष्टीचा लई गुंता झालाय म्हणे बाई. नव्या पोरांना कळंना."

शरदचंद्र सर, म्हणजे विमलताईंचे यजमान, रसायनशास्त्राचे क्लास घ्यायचे. त्यांना यात काहीच नवल वाटलं नाही. "सिलॅबस बदलला. जुनं पुस्तक रद्द. त्यात काय?"

"अहो, पण जुन्या पुस्तकात जे झालं ते झालंच ना?"

"परीक्षेला येत नाही म्हणजे झालं नाही," सर हसले.

हणमंतराव औसा तालुक्यातल्या आपल्या गावाहून रोज पहिल्या एसटीनं दूध घेऊन यायचे आणि जाताना एक कॉमिक न्यायचे, पण स्वतःसाठी नव्हे. त्यांच्या बायकोला, चतुराबाईला, अक्षर येत नव्हतं. संध्याकाळी धारा झाल्या की ते तिला हिंदीचं मराठी करून वाचून दाखवायचे. मेघा मेली त्या दिवशी चतुराबाईनं चूल पेटवली नाही. दुसऱ्या दिवशी दुधासोबत निरोप आला, "ताईला इचारा, भावाला येवढं पळता येतं तर बहिणीपाशी येळेवर कामून पोचला न्हाई?" विमलताईंनी उत्तर धाडलं, त्यावर तिकडून उलट प्रश्न आला. दोघींनी एकमेकींना कधी पाहिलं नव्हतं, पण भांडण चांगलं रंगायचं.

"आमची मालकीण इचारती," पायरीवरून कॅन उचलत हणमंतराव म्हणाले, "सगळं नव्यानं सुरू व्हणार, तर मेलेले बी येतेत का? मेघा येईल का?"

"येईलही. कोण जाणे."

"सांगतो तिला, ताई म्हणल्या येईल."

"अहो, मी तसं नाही..." पण ते गल्लीच्या वळणावर पोचले होते.

गणपती बसले, उठले. अनंत चतुर्दशीची रात्र सरता सरता जमीन हलली. लातुरात फडताळातली भांडी खाली आली, माणसं रस्त्यावर आली. उजाडल्यावर कळलं की औशाकडची गावंच्या गावं भुईसपाट झाली. त्या दिवशी दूध आलं नाही. नंतरही आलं नाही. हणमंतरावांच्या गावाचं नाव विमलताईंनी वर्तमानपत्रात वाचलं आणि पेपर घडी घालून उशीखाली ठेवला.

दिवाळी होऊन गेल्यावर एका सकाळी हणमंतराव दारात उभे राहिले. हातात कॅन नव्हता.

"आमची उजी गेली, ताई."

उज्ज्वला ही त्यांची एकुलती मुलगी. पुढच्या वर्षी सरांच्या क्लासला घालायची म्हणून त्यांनी तिचं नाव आधीच सांगून ठेवलं होतं. विमलताईंनी त्यांना आत बसवलं, पाणी दिलं. ते बोलले ते सगळं तुकड्यातुकड्यांनी. चतुराबाईला ढिगाऱ्यातून काढलं ते पाय मोडलेला. तिला तशीच सोलापूरला दवाखान्यात नेली. इकडे उजीला, बाकीच्या सगळ्यांबरोबर, एकाच सरणावर दिलं. आई परत आली तोवर राखसुद्धा राहिली नव्हती.

"ती म्हणती, म्या डोळ्यानं पाह्यलं न्हाई. तेरावं करू देइना. कावळ्याला निवद ठिवू देइना. सोयरे आले की सांगती, उजी लातूरला हाय, शिकून राहिली."

"रडली का?"

"एक टिपूस न्हाई. अन् आता..." ते घुटमळले. "सरकारी माणसं येऊन गेली. म्हणले, गाव नव्यानं बसवू, पार पहिल्यापासून. तवापासून एकच धोशा. ताईकडून तो पहिला अंक आणा. तुमीच म्हणला हुता ना, मेघा येईल म्हणून."

अंक आला होता. त्यांनी वाचलाही होता. त्यात मेघा जिवंत होती. कॉलेजात जाणारी, हसरी, जणू धरण कधी फुटलंच नव्हतं.

"ताई, पाया पडतो तुमच्या. एकडाव येऊन सांगा, ते पुस्तक बंद पडलं म्हणून. माझं खरं वाटायचं न्हाई तिला. तुमच्यावर भरवसा हाय."

"येते," विमलताई म्हणाल्या.

निघताना त्यांनी पिशवीत पुस्तक टाकलं. बंद पडलं म्हणून सांगायला चाललोय, तर हे कशाला, असं एसटीत बसल्यावर मनात आलं. शिवाय पुस्तकाचाही घोळ होता. सुटे कॉमिक्स पोरं फाडतात म्हणून त्या सहा सहा अंक एकत्र दोऱ्यानं शिवायच्या, नंबराच्या क्रमानं. हात सवयीनं चालला आणि नवा पहिला अंक त्यांनी जुन्या पहिल्याला लागूनच शिवून टाकला. एक वाचक तर कालच परत देऊन गेला होता. "काकू, ह्यात बिजलीराज दोनदा जन्मलाय!"

माळावर पत्र्यांची शेडं ओळीनं उभी होती. एकाच्या दाराशी, लाकडी कुबडी शेजारी ठेवून, कपाळावर गोंदलेली एक ठेंगणी बाई बसली होती. तिनं विमलताईंना खालून वर न्याहाळलं.

"तूच व्हय ताई? लईच बारीक हाईस की. म्या म्हणलं, येवढी पुस्तकं वाचती म्हंजे चांगली जाडजूड असशील."

"मला वाटलं, भांडता म्हणजे उंच असाल."

चतुराबाई खुदकन हसली. त्या हसण्यानं विमलताईंना जास्तच धडकी भरली. कोरा चहा झाला. शेजारच्या शेडातली बाई डोकावून गेली. मग चतुराबाईनं हात पुढे केला.

"आणला का अंक?"

तिच्या पाठीमागून हणमंतराव डोळ्यांनी विनवत होते. विमलताईंनी वाक्य घोकून ठेवलं होतं. तोंड उघडलंसुद्धा. पण दोन वर्षं जिच्याशी एका खोट्या मुलीच्या मरणावरून खरं खरं भांडलो, तिला आता पहिल्याच भेटीत फसवायचं कसं?

"आणलाय," त्या म्हणाल्या.

हणमंतराव उठून बाहेर गेले.

विमलताई वाचू लागल्या. बिजलीराज तारखात्यात नव्हता, कुठल्याशा प्रयोगशाळेत होता. वीज आकाशातून नाही, यंत्रातून आली. चतुराबाई पुढे सरकून चित्रं बघत होती. पान उलटलं आणि मेघा आली.

"आली!" तिनं विमलताईंचं मनगट गच्च धरलं. "म्या म्हणलं नव्हतं? आली का न्हाई?"

विमलताई पुढचं पान उलटायला गेल्या.

"थांब," चतुराबाई म्हणाली. ती चित्रावर वाकली. "हात दाव हिचा."

"हा बघा."

"डाग कुठं हाय?"

"नाही काढलेला. चित्रकार नवीन असेल."

"आन् भाऊ? ही पाण्यात गेली हुती, ठावं हाय का त्याला?"

"नाही. कुणालाच काही ठाऊक नाही. झालंच नाही असं आहे सगळं."

"जुनी मेघा काढ."

पुढचाच अंक जुना पहिला होता. त्यातली फ्रॉकातली मेघा, हाताला फडकं गुंडाळलेलं, डोळ्यांत पाणी. चतुराबाईनं मधली पानं चिमटीत उभी धरली. कधी या बाजूला बघे, कधी त्या बाजूला. बाहेर कुणाची तरी म्हैस ओरडत होती.

"ही ती न्हवं," शेवटी ती म्हणाली. "नाव तेवढं ठिवलंय. आमची मेघा मेली. म्या त्या दिशी चूल पेटवली न्हाई, पोटात अन्न घातलं न्हाई. ते बी पुसलं व्हय ह्यायनी?"

विमलताईंनी होकारार्थी मान हलवली.

"असं कोरं होऊन परत येऊन काय करायचं माणसानं? मायनं हात लावावा तर हातच दुसऱ्याचा." तिनं पुस्तक मिटलं आणि विमलताईंच्या मांडीवर ठेवलं. मग दाराकडे तोंड करून हाक मारली.

"आवं, ऐकलं का? उजीचा निवद राह्यलाय. गुरुजींना इचारून या, आता कधी करता येतो."

हणमंतराव दारात आले. काय झालं ते त्यांना कळलं नव्हतं. त्यांनी विमलताईंकडे पाहिलं. चतुराबाई मात्र तोवर पदर तोंडात कोंबून हमसून हमसून रडू लागली होती.

बिजलीराजचं नवं जग वर्षभरही टिकलं नाही. दिल्लीची ती कंपनी बुडाली, आणि दुसऱ्यांदा पहिला अंक काही निघाला नाही. लातुरात मात्र गावोगावची पोरं शिकायला येऊ लागली. शरदचंद्र सरांच्या क्लासला आधी पुढची खोली गेली, मग गच्चीवर पत्रे चढले, आणि वाचनालय कधी बंद झालं हे गल्लीतही कुणाला आठवत नाही. सर वर्गात शिकवता शिकवता खुर्चीवर बसले, ते उठले नाहीत. विमलताई आता नांदेडला लेकीकडे, मृण्मयीकडे असतात. एका डोळ्यानं अंधुक दिसतं, तरी नातीकडून रोज काहीतरी वाचून घेतात.

हणमंतरावांनी पुन्हा म्हशी घेतल्या, पुन्हा पहिली एसटी धरली. गुडघे गेले तोवर लातूरला दूध घातलं. ते जाऊन आता सात-आठ वर्षं झाली. चतुराबाई आहे. नव्या गावात राहते, सरळ रेघेतल्या सारख्या घरांपैकी एकात. उजीच्या तिथीला ती काठी टेकत जुन्या गावठाणात जाते. तिथे आता बाभळी आहेत आणि तिच्या घराच्या उंबरठ्याचा दगड तेवढा आहे. त्याच्या अलीकडचं अंगण ती झाडून घेते. मग उंबरठा ओलांडून, जिथे घर होतं, ते पलीकडचंही झाडते.